गवंडीतलं मागचं अंगण

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही माळ्यावरून कूलर उतरवला. होळी होऊन आठवडा झाला होता. घरात भिंतीतल्या थंड हवेची सोय होती, मीच बसवून दिली होती, पण बाबांना ती आवडत नसे. "तिचा आवाजच नाई येत," ते म्हणत. "चालू हाय का बंद हाय, माणसाले समजलं तर पाहिजे."

ताट्यांमधलं जुनं गवत उपसून ते नवीन भरत होते. मी पंख्यावरची धूळ पुसत होते. पुण्याहून चार दिवसांसाठी आले होते. शाळेच्या पुस्तकांसाठी विज्ञानाचे धडे लिहिणं हे माझं काम, आणि ते अकोल्यात बसूनही होतं, हे बाबा मला दर खेपेला सांगत.

"उद्या नईम येऊन राहिला," ते म्हणाले.

"कशासाठी?"

"तेच. कंपनीचं. हो म्हणा म्हणते. मी म्हटलं, पाहू." गवत जाळीत दाबत ते थोडं थांबले. "आता म्हणे ती बाई वळन. चेहरा दिसन तिचा."

मी पंख्याचं पुढचं पातं पुसायला घेतलं.

"तुले काय वाटते?"

"तुमची गोष्ट आहे, बाबा. तुम्ही ठरवा."

"माझ्या एकट्याची कुठं हाय," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मग बादली पुढे सरकवली. "टाक बरं पाणी. पाहू, गळते का."

गळत होता. दुपारभर ते एम-सील लावत बसले. जेवताना भाजीत तिखट कमी असल्याचं त्यांनी दोनदा सांगितलं. पुण्यात राहून माझी जीभ बिघडल्याचंही सांगितलं. बाकी त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन पुढच्या खोलीत आले तेव्हा ते कूलरसमोरच्या खुर्चीत होते. कूलर चालू होता. मी कप ठेवला, एकदा हाक मारली, आणि पुन्हा मारण्याआधी मला समजलं.

नईम ठरल्याप्रमाणे आला. कंपनीच्या कामासाठी आलेला माणूस बाबांना खांदा देऊन गेला.

*

माझे वडील नरहरी भुईभार. गेल्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत टिळक रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं 'न्यू प्रभात व्हिडिओ गेम्स' नावाचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला पाठ लावून ठेवलेले पाच टीव्ही, प्रत्येकासमोर एक बाकडं, आणि दाराशी बाबांची खुर्ची. खेळाच्या यंत्राला मुलं 'टीव्ही गेम' म्हणत आणि त्यात घालायच्या पिवळ्या डबीला 'कॅसेट'. कॅसेट चालली नाही की काढायची, तिच्या तोंडात फुंकर मारायची आणि परत घालायची. फुंकर कुणाची चांगली लागते यावरून भांडणं होत.

सगळ्यात जास्त मागणी असे एका खेळाला. त्याचं खरं नाव 'स्काय मेसन', पण अकोल्यात त्याला कुणी ते म्हटलं नाही. आमच्याकडे तो 'गवंडी'. एक बुटका गवंडी विटा रचत, त्यांच्यावर चढत, पडत, मरत वर जात राहतो. अखेरच्या मजल्यावर एक भिंत येते, तिच्यावर चढलं की आकाश, चार चांदण्या, आणि खेळ पहिल्यापासून सुरू. मुलं चिडत. एवढे दिवस घालवून चार चांदण्या.

मग बाबांनी सांगायला सुरुवात केली, की खेळ तिथं संपत नाही. त्या भिंतीवर चढायचंच नसतं. तीच भिंत खालून, एकेक वीट काढत, उतरवायची असते. कोणती वीट आधी, याचा क्रम आहे. क्रम बरोबर लागला की पलीकडे अंगण दिसतं. अंगणात हिरव्या लुगड्यातली एक बाई पाठमोरी बसलेली असते. तिच्यासमोर कापड अंथरलेलं आणि त्यावर पिवळ्या ठिपक्यांच्या ओळी. तिथं पोहोचल्यावर कुठलंही बटण दाबायचं नाही. नुसतं थांबायचं.

"मंग?" मुलं विचारत.

"मंग काय? थांबलो."

"मंग वळली का ती?"

"लाईट गेली ना बे."

हे उत्तर बाबांनी वर्षानुवर्षं दिलं. त्या काळी आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसाचे कितीतरी तास वीज नसे, त्यामुळे ते कुणालाच खोटं वाटलं नाही. त्या वयाच्या प्रत्येक मुलाचा एखादा तरी डाव असाच अर्ध्यात विझला होता.

लोकांनी पुढे लिहिलं, की गिऱ्हाईक टिकवण्यासाठी एका दुकानदाराने ही थाप मारली. तसं असेलही. पण मला ती दुसरीकडून माहीत होती.

माझी आई कावीळ होऊन वारली तेव्हा मी पाच वर्षांची होते. तिच्याबद्दल मला आठवतं ते एवढंच: डाबकी रोडच्या घराची गच्ची, सकाळचं ऊन, आणि मूगवड्या घालत बसलेली आई. मी जिन्यातून वर येते, ती पाठमोरी असते. दोन्ही हात वाटलेल्या डाळीने भरलेले. मी वड्यांसाठी अंथरलेल्या धोतराच्या जुन्या पानावर पाय ठेवणार, एवढ्यात ती मागे न बघता म्हणते, "पाय सांभाळ." बस. तिचा चेहरा मला आठवत नाही. तिचा एकच फोटो आहे, लग्नातला. त्यात तिचे डोळे मिटलेले आहेत आणि अर्धा चेहरा मुंडावळ्यांनी झाकलाय.

नववीत असताना मी दुकानात बाबांचा डबा द्यायला गेले. बाकड्यावरची दोन मुलं वाद घालत होती, लुगडं हिरवं का निळं. बाबा खुर्चीतून म्हणाले, "हिरवं. मिरचीसारखं." मी डबा ठेवला आणि घरी आले. गवंडी मी कधी खेळले नव्हते, ती गोष्टही नीट ऐकली नव्हती. वाटेत सगळं जागच्या जागी बसलं. बाबांनी तिला तिथं नेऊन ठेवलं होतं आणि अकोल्यातली निम्मी पोरं रोज तिला शोधत होती.

मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही. कुणाला, म्हणजे अगदी कुणालाही, मी हे बोलले नाही. आमच्या घरात आईचा विषय निघाला की माणसं पाणी पिण्यासाठी उठत.

*

ही गोष्ट अकोल्याबाहेर नेली ती नईम देशमुखने. तो दुकानातला सगळ्यात चिवट मुलगा. पुढे इंजिनियर होऊन बाहेर गेला आणि इंटरनेटवरच्या एका चर्चास्थळावर त्याने गवंडीतल्या अंगणाबद्दल लिहिलं. आपण स्वतः पाहिलं नाही, पण ज्याने पाहिलं तो माणूस खोटं बोलणारा नाही, असं लिहिलं. जगभरातल्या लोकांनी ते उचललं. ब्राझीलमधल्या एकाने विटांच्या क्रमांचं शास्त्र केलं. पोलंडमधल्या दोन भावांनी सांगितलं की हिरवी बाई म्हणजे खेळ लिहिणाऱ्या जपानी माणसाची हरवलेली बहीण. सगळ्यात जास्त डोकी फुटली ती पिवळ्या ठिपक्यांवर. कुणी ती सांकेतिक लिपी मानली, कुणी आंधळ्यांची लिपी, कुणी नकाशा. एका गणिताच्या प्राध्यापकाने ते ठिपके म्हणजे मृग नक्षत्र आहे असं साधार दाखवून दिलं. त्यानंतर बहुतेकांनी तेच धरलं.

मी हे सगळं वाचत असे, नाव न देता. मूगवड्यांबद्दल एवढं लिहिलं गेलेलं दुसरं काही माझ्या माहितीत नाही.

मग चाळण आली.

चाळण हे खेळ तपासणारं यंत्र काय करतं, हे मी आठवीच्या पुस्तकासाठी लिहिलं होतं. ते थोडक्यात इथं देते. कुठलाही खेळ म्हणजे शेवटी एक यंत्र. कोणत्याही क्षणी ते एका ठरावीक अवस्थेत असतं: गवंडी कुठे आहे, किती विटा उरल्या, कोणतं बटण दाबलंय. पुढच्या क्षणी ते दुसऱ्या अवस्थेत जातं. खेळात काही लपलेलं आहे का, हे खात्रीने सांगायचं तर सगळ्या अवस्था तपासायला हव्यात, आणि त्या इतक्या असतात की एकेक बघत बसलं तर सूर्य विझेपर्यंतही काम पुरं व्हायचं नाही. म्हणून पूर्वी कुणीच छातीठोकपणे 'नाही' म्हणू शकत नसे. फार तर 'सापडलं नाही' म्हणे. दंतकथा त्या फटीत राहत होत्या.

चाळणीने अवस्था मोजणं सोडून दिलं. ज्या ज्या अवस्थांतून पुढे सारखंच घडू शकतं, त्यांची ती एक जुडी बांधते. जुड्यांच्या पुन्हा जुड्या. अकोल्याहून निघून रुळांवरून अमुक गावी पोहोचता येईल का, हे ठरवायला प्रत्येक गाडीत बसावं लागत नाही, रुळांचा नकाशा पुरतो. चाळण तो नकाशा स्वतः काढते, आणि त्यात नसलेल्या गावी कुठलीही गाडी जाऊ शकत नाही, याचा पुरावा देते. हा पुरावा गणिताचा असतो. त्यावर मतभेद होत नाहीत.

दोनेक वर्षांत हजारो खेळ चाळून झाले. लपलेली शस्त्रं, आठवडाभर जागल्यावर दिसणारी भुतं, मेलेल्या पात्राला उठवायची युक्ती, सगळ्यांसमोर एकेक ओळ आली: असा मार्ग अस्तित्वात नाही. चर्चास्थळं ओस पडली. काही ठिकाणी लोकांनी रीतसर श्रद्धांजल्या वाहिल्या. गवंडीचा निकाल आला त्या दिवशी नईमने बाबांना फोन केला. तोवर तो परत येऊन चाळण चालवणाऱ्याच कंपनीत लागला होता. फोन स्पीकरवर होता, मी तिथंच होते.

"नरुभाऊ, अंगण नाही निघालं."

"बरोबर पायलं का?"

"मशीननं पायलं."

"तुमच्या मशीनच्या वेळेस लाईट होती ना?"

"होती."

"मंग कसं दिसन?" बाबा म्हणाले. नईम हसला. पण बराच वेळ त्याने फोन ठेवला नाही.

कंपन्यांना लवकरच कळलं, की ज्या खेळात आता काहीही सापडणार नाही त्याकडे माणसं फिरकत नाहीत. उपाय चाळणीतच होता. ज्याच्याकडे रुळांचा पूर्ण नकाशा आहे, त्याला त्यात नवा रूळ असा टाकता येतो की सांधा दिसत नाही. आधी नसलेलं अंगण मूळच्याच विटांमागे, मूळच्याच रंगांत बांधता येतं. याला 'पूर्तता' म्हणतात. लोकांनी वर्षानुवर्षं केलेली वर्णनं यंत्र गोळा करतं, त्यांची सरासरी काढतं आणि दंतकथा खरी करून देतं. पहिल्या काही पूर्ततांच्या वेळी पन्नाशीतले पुरुष पडद्यासमोर बसून रडले. ते मी पाहिलेलं आहे.

मग दंतकथा कुणाची, यावरून खटले झाले आणि कायदा आला. मूळ सांगणाऱ्याला, आणि तो नसेल तर त्याच्या वारसाला आधी कळवावं लागतं. हरकत घेता येते, पण एकाच कारणासाठी: गोष्टीतलं माणूस खरं असेल तर. ती हरकत जवळच्या माणसाने तोंडी नोंदवायची, नाव आणि नातं सांगून, आणि ती त्या गोष्टीला कायमची जोडली जाते, कुणालाही ऐकता येते. हरकत आली नाही तर मुदत संपल्यावर पूर्तता आपोआप होते. गप्प बसलेल्याचा होकार धरतात.

*

तेरावं झाल्यावर दोन दिवसांनी नईम आला. सकाळची वेळ होती. त्याने चपला दाराबाहेर नीट जोडून काढल्या, जशा दुकानाबाहेर काढाव्या लागत.

"ताई, आज बोलू का पुन्हा येऊ?"

"बस. मुदत कधी संपते?"

"परवा." तो कूलरकडे बघत होता. "हा अजून चालते?"

"गळतो."

"नरुभाऊंनी एम-सील लावला असन."

"लावलाय."

मी चहा आणला. त्याने आधी कप दोन्ही हातांत धरला, मग पिशवीतून पडद्याची एक पातळ पाटी काढून टेबलावर उभी केली.

"हे सांगतो आन मंग तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "निकाल लागला तवापासून मले लोक काय म्हणतात, माहीत हाय? अकोल्याचा थापाड्या. पोरीच्या शाळेत तिले विचारते, तुझ्या बापानंच सोडली होती ना ती गवंडीवाली? मी नोकरीत इतकी वर्षं काय केलं ते कोणी विचारत नाही. आन मी तर पायलंही नव्हतं. नरुभाऊंनी पायलं म्हणून मी म्हटलं."

"तुला कधी वाटलं नाही, की त्यांनी नसेल पाहिलं?"

"ताई, बारा वर्षांचा होतो. त्या माणसानं मले एकदाही खोटा चान्स नाई मोजला." त्याने कप ठेवला. "वाटलं. मशीनच्या निकालानंतर वाटलं. म्हणून तर हे पाहिजे. एकदा ते अंगण गेममध्ये आलं का मंग कोण पुसते, आधी होतं का नव्हतं. सगळ्यांनी पायलं म्हणजे त्यांनीही पायलं."

"आणि तिचा चेहरा?"

"तो सध्या सरासरीचा हाय. लोकांनी जसा लिहिला तसा. पण तुम्ही मूळ सांगणाऱ्याच्या घरच्या. तुम्ही सांगा ना, नरुभाऊ घरी कशी सांगत? नाक कसं, कपाळ कसं. थोडं जरी सांगितलं तरी मशीन धरून घेते. एखादा फोटो असन, तसा कोणाचा, त्याच्यावरूनही होते."

हे त्याने सहज म्हटलं. त्याला काही माहीत नव्हतं. तो फोटो आतल्या खोलीत कपाटात होता. मिटलेले डोळे उघडणं आणि मुंडावळ्यांमागचा अर्धा चेहरा भरून काढणं, हे यंत्राला काही मिनिटांचं काम होतं. मला उठून फक्त आत जायचं होतं. पन्नास वर्षांची होत आले, आणि आई वळली तर कशी दिसेल हे मला माहीत नाही. मी बसून राहिले.

"दाखव," मी म्हणाले. "आहे ते दाखव."

नईमने पाटी माझ्याकडे वळवली. जुन्या खेळातले तेच चार-पाच रंग, तेच चौकोनी ढग. बुटका गवंडी भिंतीसमोर उभा होता. नईमची बोटं बटणांवर फिरली तशी वीट निघाली, मग दुसरी. तो क्रम त्याला पाठ असणार. त्याच्या तोंडातून प्रत्येक विटेला अगदी बारीक फुंकर निघत होती, त्याचं त्यालाही समजत नसावं. भिंतीत भगदाड पडलं आणि पलीकडे अंगण आलं.

हिरवं लुगडं होतं. मिरचीसारखं. पाठीवर लांब वेणी होती. आई अंबाडा घालायची. हातांत काही नव्हतं, ते मांडीवर जोडलेले होते, देवळात बसल्यासारखे. समोरच्या कापडावर पिवळे ठिपके मृग नक्षत्राच्या आकारात पसरलेले. तीन मधोमध, चार कडेला. अशा पसरून कुणी वड्या घालत नाही. अर्धं कापड वाया गेलं असतं.

"आता थांबायचं," नईम हळूच म्हणाला. त्याने दोन्ही हात बटणांवरून उचलून घेतले. तो बाकड्यावर बसायचा तसा, पुढे वाकून, बसला होता. आम्ही थांबलो. कूलरचा आवाज येत होता.

त्या बाईचा खांदा हलला. वेणी जराशी सरकली. मान वळायला लागली. सगळ्यांना ओळखीचा वाटेल आणि कुणाचाच नसेल, असा गाल दिसू लागला.

"बंद कर."

"ताई, आता तर वळून राहिली."

"नईम, बंद कर."

त्याने बंद केलं. त्याचा चेहरा पडला होता. तो मला राग दिसू देणार नव्हता, पण पाटी पिशवीत घालताना तिची कडा टेबलाला लागली आणि त्याने ती पुसली नाही.

"आवडला नाई का चेहरा? बदलता येते ना. सांगून तर राहिलो."

"चेहऱ्याचा प्रश्न नाही."

"मंग काय हाय? तुम्हाले हे सगळं पोरकटपणाचं वाटते, ते माहीत हाय मले. तुम्ही पुस्तकं लिहिता. तुम्ही तर कधी खेळल्याही नाही."

"नाही खेळले."

"मंग तुमचं काय जाते?"

त्याचं बरोबर होतं. बाहेरून बघणाऱ्याला माझं काहीच जात नव्हतं. मी गप्प बसले तर परवा पूर्तता होईल, नईमचं तोंड वर होईल, त्याच्या मुलीला शाळेत कुणी काही म्हणणार नाही. पोलंडमधले भाऊ, ते प्राध्यापक, सगळे त्या अंगणात पोहोचतील, आणि एक परकी बाई वळून त्यांच्याकडे बघेल. बोलले तर उलट. बाबांनी आयुष्यभर झाकून ठेवलेलं मी जगासमोर ठेवेन. मृग नक्षत्राचा प्रबंध एका वाक्यात संपेल. आईला शोधणं थांबेल, कारण ती कोण हे सगळ्यांना कळलेलं असेल. तिचं नाव एका खेळाखाली कायमचं राहील.

कुणी सांगावं, बाबांना काय हवं होतं. त्यांनी मला विचारलं होतं आणि मी ते त्यांच्यावरच टाकलं. एवढं मात्र मला माहीत होतं, की तिचा चेहरा आठवणारा त्या घरात एकटा तोच माणूस होता. शेकडो मुलांनी हजारदा विचारलं, वळली का. त्याला वळवता आली असती. दोन शब्दांचं काम होतं. दर वेळी त्याने लाईट घालवली.

"नईम, हरकत कशी नोंदवतात?"

तो बघत राहिला. "कोणाची हरकत?"

"माझी."

"ताई, हरकत अशी नाई घेता येत. आवडलं नाई म्हणून नाई चालत. माणूस खरं पाहिजे."

"माहितेय. कशी नोंदवतात?"

त्याने पाटी पुन्हा बाहेर काढली, आडवी ठेवली, आणि तिच्या कोपऱ्यात हिरवा दिवा लागला. त्याचा आवाज बदलला. कामाचा झाला, पुण्या-मुंबईचा झाला.

"ही नोंद सार्वजनिक आहे. एकदा झाल्यावर मागे घेता येत नाही. समजलं?"

"समजलं."

"तुमचं नाव."

"वृषाली नरहरी भुईभार."

"कोणत्या गोष्टीबद्दल हरकत आहे?"

"गवंडीतलं अंगण. भिंतीपलीकडचं."

"त्यात दाखवलेली व्यक्ती काल्पनिक नाही, असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो."

"तिचं नाव?"

"रजनी नरहरी भुईभार."

नईमने मान वर केली. हिरवा दिवा चालूच होता. त्याचे ओठ हलले, बहुतेक त्याने ते नाव पुन्हा म्हणून पाहिलं, त्यातलं मधलं नाव. पुढचा प्रश्न त्याला विचारावाच लागणार होता, आणि त्याला तो विचारायचा नव्हता.

"हयात आहे?"

"नाही. तुझ्या त्या दुकानात येण्याच्या आधीच गेली."

"नातं," नईम म्हणाला. त्यापुढे त्याला प्रश्नचिन्ह लावता आलं नाही.

मी त्या दिव्याकडे पाहिलं. पुण्यात शिकून, पुस्तकं लिहून माझी भाषा केव्हाच धुतली गेली होती, निदान मला तसं वाटत होतं.

"माझी आई हाय ती," मी म्हणाले. "मूगवड्या घालून राहिली. हात भरेल हायेत तिचे. तिले वळवू नका."